दरडीखालची पहिली दहा मिनिटे

जुलैच्या मध्यावर दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीचे पाणी लाल दिसते. धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट त्या लाल पाण्यातून वाट काढत जाते. हा लाल रंग डोंगराचा आहे. सह्याद्रीच्या कड्यापासून खेड-चिपळूणच्या सड्यांपर्यंतची माती पावसाळाभर या मुखातून समुद्रात जात असते. बहुतेक वेळा ती कणाकणाने जाते. एखाद्या वर्षी मात्र सगळा उतारच मिनिटभरात खाली येतो, आणि त्याच्या वाटेत वाडी असते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण याच वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे येथील बौद्धवाडीवर दरड कोसळून १७ जण गेले. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. महाबळेश्वरला त्या सुमारास २४ तासांत सहाशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. बातम्यांत अशा मृत्यूंसाठी एकच शब्दप्रयोग असतो, ‘ढिगाऱ्याखाली दबून मृत्यू’. वैद्यकाच्या दृष्टीने हे वर्णन फार अपुरे आहे. दबलेला माणूस नेमका कशाने जातो? किती वेळात जातो? आणि तेवढ्या वेळात कोणाचा हात त्याच्यापर्यंत पोचू शकतो? पुढे खाडी, पाठीशी डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे अशी रचना असलेल्या दाभोळसारख्या गावांना ही उत्तरे माहीत असायला हवीत.

पहिल्या दोन प्रश्नांची सर्वात नेमकी उत्तरे मिळाली ती आल्प्स पर्वतातल्या बर्फात. तिथे दर हिवाळ्यात स्कीवरून भटकणारे लोक हिमस्खलनात गाडले जातात. कोण किती वाजता गाडला गेला आणि किती वाजता बाहेर काढला गेला याच्या नोंदी स्वित्झर्लंडमध्ये वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. त्या नोंदींवरून १९९४ मध्ये फाल्क, ब्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक जिवंत होते. पस्तीस मिनिटांपर्यंत हा आकडा तीस टक्क्यांवर कोसळला होता. अलीकडे अधिक नोंदी घेऊन ही तपासणी पुन्हा झाली, तेव्हा सुरक्षित मुदत पंधरावरून दहा मिनिटांवर आली. मधल्या वीस मिनिटांत जे मरतात ते थंडीने मरत नाहीत. ते गुदमरून मरतात.

बर्फात ही दहा मिनिटे तरी मिळतात, कारण बर्फात हवा असते. कोसळून घट्ट बसलेल्या हिमाच्या राशीतही निम्म्याच्या आसपास जागा हवेची असते. नाकातोंडापुढे थोडी पोकळी राहिली तर माणूस त्यातून काही काळ श्वास घेतो. पुढे उच्छ्वासाच्या वाफेने तोंडासमोरचे बर्फ गोठून काचेसारखे होते आणि ती वाटही बंद होते. पोकळी मोठी असेल तर मुदत वाढते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सुमारे पंचवीस फूट बर्फाखालून सहाव्या दिवशी जिवंत सापडले. हवेची पोकळी आणि शरीर थंड पडल्याने कमी झालेली प्राणवायूची गरज, या दोहोंनी त्यांना तारून नेले होते. तरीही मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होत गेले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. बाहेर काढणे म्हणजे वाचवणे नव्हे, हे त्या घटनेतून देशभर कळले. त्याचे कारण पुढे येईलच.

आता बर्फाच्या जागी कोकणातला चिखल ठेवून पाहू. पाण्याने भरलेल्या मातीत हवेला जागाच उरत नाही, कारण कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने व्यापलेल्या असतात. शिवाय वजन. हिमस्खलनातल्या बर्फाच्या चौपट-पाचपट वजन ओल्या मातीचे असते. मोठ्या माणसाच्या छातीवर अवघा एक फूट चिखल साचला तर त्याचे वजन साठ-सत्तर किलो भरते. म्हणजे एक धडधाकट माणूस छातीवर बसल्यासारखे. श्वास घेताना फासळ्या वर उचलाव्या लागतात. त्या उचलता आल्या नाहीत तर नाकतोंड मोकळे असूनही हवा आत जात नाही. सोडलेल्या प्रत्येक श्वासागणिक माती थोडी आत सरकते आणि पुढचा श्वास आणखी आखूड होतो. त्यामुळे चिखलात पुरते गाडल्या गेलेल्या माणसाची मुदत बर्फातल्यापेक्षाही कमी धरावी लागते.

म्हणून मदतीला धावणाऱ्या शेजाऱ्याने ध्यानात ठेवायचा क्रम साधा आहे. हात दिसला तर हात ओढत बसायचे नाही. आधी डोके कुठे असेल याचा अंदाज घेऊन तोंड मोकळे करायचे, लगेच छाती मोकळी करायची, आणि पाय नंतर. तोंडात दिसणारी माती बोट तिरके फिरवून काढायची, न दिसणारी कोरायला जायचे नाही, कारण ती आणखी आत जाते. श्वास चालू नसेल तर इथे एक फरक महत्त्वाचा आहे. हृदयविकाराने रस्त्यात कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत ‘नुसती छाती दाबा’ असे हल्ली शिकवतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. गुदमरलेल्याच्या रक्तातला प्राणवायू मात्र संपलेला असतो. त्याला आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात, आणि मग तीस वेळा छाती दाबणे व दोन श्वास हे चक्र चालू ठेवावे लागते. मानेला मार असेल ही शंका रास्त आहे. मान शक्य तितकी सरळ धरावी, पण तिच्यासाठी श्वास थांबवून ठेवू नये.

सगळेच पुरते गाडले जातात असे नाही. वासे, तुळया, चिऱ्यांच्या भिंतीचा कोपरा, कपाट किंवा पलंग यांच्या आडोशाने पोकळ्या राहतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळून सुमारे दीडशे माणसे गेली, पण तीन महिन्यांचे एक बाळ आणि त्याची आई काही तासांनंतर जिवंत निघाली. बाळाच्या रडण्याने पत्ता लागला. म्हणून दर थोड्या वेळाने यंत्रे, भोंगे, माणसांचा गलका सगळे बंद करून शांतपणे कानोसा घ्यायचा, ही शोधपथकांची जुनी शिस्त आहे. गावकऱ्यांनीही ती पाळावी. आपल्याकडे शंभर माणसे ढिगाऱ्यावर चढून एकाच वेळी ओरडत असतात, त्याने खालचा आवाज दबतो आणि माणसांच्या वजनाने खालची पोकळीही दबते. एक जण बाजूला सुरक्षित जागी उभा राहून फक्त वरच्या उताराकडे पाहत राहिला पाहिजे. एकदा सुटलेला उतार पुन्हा सुटतो.

पोकळीत सापडलेल्यांच्या बाबतीत दुसरा शत्रू पुढे येतो. १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. पडक्या घरांखालून काही तासांनी काढलेली माणसे बोलत असत, पाय सुजलेला असला तरी प्रकृती बरी दिसे, आणि काही दिवसांतच लघवी बंद होऊन ती दगावत. १९४१ मध्ये त्यांनी अशा चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा उलगडा असा. दगडाखाली किंवा तुळईखाली तासन्‌तास दबलेल्या मांडीचे स्नायू मरू लागतात. दाब आहे तोवर त्यांच्यातली घाण तिथेच अडकलेली असते. तुळई उचलली की रक्तप्रवाह सुरू होतो, आणि मेलेल्या स्नायूंतले पोटॅशियम व तांबडे रंगद्रव्य एकदम शरीरभर जाते. पोटॅशियमने हृदय मिनिटांत थांबू शकते. रंगद्रव्य मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत साचून त्या बंद पाडते. लोक सुटकेचा आनंद करत असताना माणूस जातो तो यामुळे.

यावरचा उपाय महागडा नाही, पण तो योग्य क्षणी व्हावा लागतो. मिठाच्या पाण्याची सलाईन दगड उचलण्याच्या आधी सुरू व्हायला हवी. मोठ्या माणसाला साधारण तासाला एक लिटर, आणि पोटॅशियम असलेली बाटली टाळून. त्यामुळे कोणी तासाहून अधिक वेळ हातपाय दबून अडकला असेल आणि त्याचा श्वास नीट चालू असेल, तर शेवटचा मोठा दगड हलवण्याआधी १०८ च्या पथकाला किंवा आरोग्य केंद्रातल्या कोणाला तरी जवळ येऊ द्यावे. श्वास अडत असेल, रक्त वाहत असेल किंवा उतार पुन्हा सुटण्याची भीती असेल तर अर्थातच थांबू नये. मदत पोचायला तास लागणार असतील, माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, त्याला गिळता येत असेल आणि पोटाला मार नसेल, तर घोट घोट मीठ-साखरेचे पाणी द्यावे. इथे कोकणापुरती एक सूचना. शहाळे देऊ नये. ताप, जुलाब, थकवा यांत शहाळ्यासारखे पेय नाही, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि या एका प्रसंगी नेमके तेच विष ठरते. सुटका झालेल्याची लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर तो कितीही ठणठणीत बोलत असला तरी त्याला डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचे. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मार्मारा भूकंपानंतर मूत्रपिंडाचा त्रास झालेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली, त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस लागले. बहुतेकांची मूत्रपिंडे अशा आजारात काही आठवड्यांनी पुन्हा काम करू लागतात, तेवढा काळ काढून देणे एवढेच वैद्यकाचे काम असते.

तिसरा प्रश्न राहिला, हात कोणाचा पोचतो हा. माळीणची घटना सकाळची. बाहेरच्या जगाला ती कळली एका एस.टी. चालकामुळे, नेहमीच्या फेरीला आलेल्या त्याला गाव जागेवर दिसलेच नाही. तळियेला पुराने रस्ते तुटल्यामुळे पथके दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर आजूबाजूच्या वाड्यांतले लोक हातांनी, फावड्यांनी उकरत होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वाडीला गाडीरस्ताच नव्हता. जेसीबी वर नेता येईना, जवान आणि गिर्यारोहक पावसात अंधारात चिखलाची चढण चढून गेले, आणि त्या चढणीत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ तळेगावजवळ आहे. अलीकडे पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या महाड, चिपळूण अशा ठिकाणी आधीच आणून ठेवतात, हे चांगलेच झाले. पण चिपळूणहूनही दाभोळला भर पावसात यायला किती वेळ लागतो हे तिथल्या माणसाला सांगायला नको. दापोलीचे उपजिल्हा रुग्णालयदेखील वळणावळणाच्या रस्त्याने पाऊण-एक तास दूर.

दहा मिनिटांची मुदत आणि तासांची वाट, हे गणित कितीही रुग्णवाहिका वाढवल्या तरी जुळत नाही. हिमप्रदेशातल्या लोकांना हे फार आधी उमगले. म्हणून त्यांनी अंगावर संदेशयंत्र, सळई आणि फावडे बाळगायची सवय लावली, कारण वाचवणारा असतो तो सोबतचाच माणूस. आणि त्याहून अधिक कष्ट त्यांनी घेतले ते उतार कधी सुटेल हे ओळखण्यासाठी.

बर्फाचा उतार आणि जांभ्याचा उतार सुटण्यामागचे तत्त्व एकच आहे. जाड, जड थर वर, त्याखाली एक दुबळा थर, आणि वरून वाढता भार. बर्फात दुबळा थर साखरेसारख्या सुट्या कणांचा असतो, त्यावर नव्या हिमवर्षावाचे ओझे आले की वरची सगळी लादी घसरते. बहुतेक हिमस्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात, म्हणून तिकडचे भटके कोन मोजायचे साधन खिशात ठेवतात. आपल्याकडे वर असतो जांभा. तो भोकाभोकांचा, पाणी पटकन आत घेणारा. त्याखाली चिकणमातीचा थर, पाण्याला न सोडणारा. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून उतरतो आणि चिकणमातीवर येऊन थांबतो. कोकणातले कितीतरी झरे याच सांध्यातून फुटतात. पाऊस दिवसेंदिवस थांबला नाही की तिथले पाणी बाहेर पडण्यापेक्षा जास्त वेगाने साठते आणि मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागते. मे महिन्यात कुदळीला दाद न देणाऱ्या जमिनीत लावणीच्या वेळी गुडघ्यापर्यंत पाय जातो, तोच हा प्रकार, फक्त वीस-तीस फूट खोलीवर. वरून डोंगर हिरवागार आणि शांत दिसत असतो. पाऊस ओसरल्यावरही आतले पाणी काही काळ खाली येतच असते, त्यामुळे ‘पाऊस थांबला, आता घरी जाऊ’ हा हिशेब धोक्याचा आहे.

यात माणसाने घातलेली भर थोडी नाही. घर वाढवण्यासाठी, रस्त्यासाठी मागचा डोंगर उभा कापायचा, म्हणजे उताराचा पायच काढून घ्यायचा. वरच्या अंगाला चिरेखाण संपली की खड्डा तसाच सोडायचा, म्हणजे पावसाळाभर डोंगराच्या माथ्यावर तळे. रस्त्याचे गटार मध्येच कुठेतरी उतारावर मोकळे सोडायचे. यातली प्रत्येक गोष्ट परवानगीने किंवा परवानगीशिवाय सर्रास होते, आणि दरड आली की तिला ‘निसर्गाचा कोप’ म्हणतात.

डोंगर बोलतो, फक्त तो हळू बोलतो. अंगणात किंवा वरच्या बागेत नवी भेग पडते. काल नीट लागणारे दार आज चौकटीत अडकते. चिऱ्याच्या गडग्याला पोट सुटते. विजेचा खांब किंवा माड कलतो. नेहमीचा झरा गढूळ येतो, नको तिथे नवा झरा फुटतो, किंवा भर पावसात वाहता झरा एकाएकी आटतो. हे शेवटचे लक्षण सर्वात वाईट, कारण पाणी आत कुठेतरी तुंबले आहे. वहाळाचे पाणी अचानक कमी झाले तर वर दरडीने तो अडवला असण्याची शक्यता असते. मुळे तुटल्याचा कडकड आवाज, वरून घरंगळणारे लहान दगड, ही तर शेवटची सूचना. भेग दिसली तर दोन्ही काठांना एकेक खुंटी ठोकून मधले अंतर रोज दोरीने मोजावे आणि वहीत लिहावे. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती मातीने बुजवून वर प्लास्टिक टाकावे. अंतर वाढत असेल तर तहसीलदारांच्या पत्राची वाट पाहायची नाही. घराबाहेर पडायचे.

हवामान खात्याचा लाल इशारा हा पावसाचा इशारा असतो, तुमच्या डोंगराचा नाही. २४ तासांत २०४.४ मिलीमीटरपेक्षा जास्त पावसाला खाते अतिमुसळधार म्हणते. कोकणात तेवढा पाऊस एका दिवसात पडूनही बहुतेक डोंगर उभे राहतात, आणि आधी आठवडाभर मुरलेल्या पाण्यावर त्याहून कमी पावसातही एखादा उतार सुटतो. म्हणून आजच्याबरोबर मागच्या दिवसांचा पाऊसही मोजावा लागतो. सरळ उभ्या कडांचा एखादा डबा उघड्यावर ठेवून सकाळी पट्टीने पाणी मोजले तरी वाडीचा हिशेब राहतो. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचे रोजचे पत्रक खोऱ्याखोऱ्याचे वेगळे आणि पाच पातळ्यांचे असते. आपल्याकडे हिमालयासाठी संरक्षण खात्याची संस्था असे इशारे देते. हाँगकाँगने १९७२ आणि १९७६ च्या दरडींनंतर १९७७ पासून दरडीच्या इशाऱ्याची व्यवस्था उभी केली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ मध्ये कोलकात्यात दरडींच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले आहे, पण त्याचे अंदाज वाडीपर्यंत बारीक व्हायला अवकाश आहे. तोवर ‘धोकादायक गावांच्या यादीत आमचे नाव नाही’ यावर कोणी निर्धास्त राहू नये. इर्शाळवाडीचेही नाव यादीत नव्हते.

दूरचे कशाला, याच मातीत एक संस्था हे शिकली आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ तसाच अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने कटाव रुंद केले, जाळ्या मारल्या, दगड आला की सिग्नल लाल करणारी ‘रक्षा धागा’ यंत्रणा बसवली. पण सर्वात शहाणपणाचा उपाय साधा आहे, पावसाळी वेळापत्रक. पावसाळ्यात गाड्या हळू धावतात, गस्तवाले रात्रभर रूळ चालत तपासतात, पाऊस फार झाला की गाडी थांबते. प्रवासी कुरकुरतात. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली, जवळजवळ दिवसभर मार्ग बंद राहिला, हजारोंचे हाल झाले. जीव मात्र कोणाचा गेला नाही.

वाडीलाही असे पावसाळी वेळापत्रक हवे. अमुक इतका पाऊस सलग झाला, किंवा भेग वाढली, की उताराखालची इतकी घरे रात्री दुसरीकडे झोपतील. दिवसा घर, गोठा, शेत सगळे चालू राहील. गाव कायमचे हलवण्याचे प्रश्न मोठे असतात आणि त्यांना वर्षे लागतात. रात्रीची जागा बदलायला सतरंजी आणि एक खोली पुरते.

खरी अडचण त्या खोलीत आहे. ‘लोक ऐकत नाहीत’ अशी तक्रार दर पावसाळ्यात अधिकारी करतात. लोक का ऐकत नाहीत हे त्या शाळेत एक रात्र काढून पाहिले तर कळेल. दोन संडास, त्यांतला एक तुंबलेला. वीज गेली की अंधार. बायकांना आडोसा नाही. म्हाताऱ्याला रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते आणि वाट निसरडी. कोणाचे इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये राहिलेले, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुलीमागच्या फळीवर. नववा महिना लागलेली सून दमट फरशीवर झोपणार कशी? गोठ्यातली जनावरे कोणाच्या भरवशावर सोडायची? मग एक रात्र जाऊन काही झाले नाही की दुसऱ्या दिवशी घरातला कर्ता माणूस म्हणतो, ‘आपल्या डोंगराला काय होतंय, आज्यापणज्यापासून हाय.’ त्याचे म्हणणे हट्टाचे वाटते, पण तो दोन धोक्यांची तुलना करत असतो. न आलेली दरड त्याला दिसत नाही आणि शाळेतला संडास दिसतो. जूनच्या आधी त्या शाळेत संडास दुरुस्त झाले, कंदील आला, वर कौले शेकारली गेली आणि औषधांची यादी आरोग्यसेविकेकडे असली तर तो माणूस जास्त सहज निघेल. गरोदर बायकांना आणि डायलिसिसच्या रुग्णांना इशारा येण्याची वाट न पाहता जुलैभर नातेवाइकांकडे हलवणे उत्तम. निघताना सोबत घ्यायची पिशवी लहान असावी. आठवडाभराच्या गोळ्या, कागदपत्रे, विजेरी, शिट्टी. शिट्टी मुद्दाम, कारण पोकळीत अडकलेल्या माणसाचा घसा ओरडून लवकर बसतो. शिट्टीला थोडाच श्वास लागतो आणि ती दूरवर ऐकू जाते.

पावसाळी भटकंतीला निघणाऱ्यांसाठीही यात काही आहे. धबधब्याखाली, कापलेल्या कड्याला टेकून, घाटातल्या वळणावर गाडी लावून फोटो काढणारे लोक नेमके दगड सुटण्याच्या रेषेत उभे असतात. सलग दोन-तीन दिवस कोसळल्यानंतरचा रविवार भटक्यांना सर्वात सुंदर वाटतो, आणि डोंगराच्या आत पाणी सर्वात जास्त भरलेले असते तेही तेव्हाच.

दरडीनंतरचे आजार वेगळे. चिखलात उघड्या जखमांनी काम करणाऱ्यांना धनुर्वाताची लस आणि लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन, हे आता बहुतेक आरोग्य केंद्रांना पाठ आहे. झोप उडणे, पाऊस वाढला की छाती धडधडणे, ढग गडगडताच घराबाहेर पळणे, हे मात्र महिनोन्‌महिने चालते आणि त्यासाठी कोणी दवाखान्यात येत नाही. ज्यांची माणसे सापडलीच नाहीत त्यांचे दुःख सर्वात अवघड. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबला. त्या वाडीतली काही मुले वाचली. ती आश्रमशाळेत शिकत होती आणि त्या रात्री तिथेच झोपलेली होती.